किल्लीवाल्याला वर पाठवायचं

खऱ्या मित्रासाठी माणसाने हसत हसत प्राण द्यावेत, असं किल्लीवाला गेली तीस वर्षं सांगत आला होता. त्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, लेखकाच्या टेबलाचा अडकलेला खण उघडून आतला कागद वाचल्यावर, त्याने या मतात किरकोळ दुरुस्ती केली. हसत हसत द्यावेत हे बरोबरच. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी द्यावेत.

खण उघडायला त्याला लेखकानेच बोलावलं होतं. लेखक महिन्याला सरासरी दोन किल्ल्या हरवत असे आणि प्रत्येक वेळी ‘आत्ता तर इथे होती’ एवढाच पुरावा मागे ठेवत असे. काम सोपवून तो अंघोळीला गेला. किल्लीवाल्याने तारेचे दोन तुकडे भोकात सारले, जीभ दातांत धरली, आणि खण सुटला. वरच तो कागद होता.

लेखकाचे कागद वाचणं तसं जोखमीचंच. तो एकाच कागदावर कादंबरीची टिपणंही लिहायचा आणि घरची कामंही. मध्ये रेघ नाही, आकडा नाही. एकदा वहिनींनी, म्हणजे लेखकाच्या बायकोने, असा एक कागद हातात घेऊन बाजार केला होता आणि दुकानदाराकडे दोन साबण, एक झाडू आणि गंजलेला कोयता मागितला होता. दुकानदाराने साबण आणि झाडू दिला. तेव्हापासून तो वहिनींशी फार अदबीने बोलतो.

या कागदावर लिहिलं होतं : ‘भाग आठ. बल्ब. मित्राचा शेवटचा विनोद, लोक रडले पाहिजेत. गुरुवारी चार वाजता किल्लीवाल्याला वर पाठवायचं. दोरी, जाड. हिला काही बोलायचं नाही.’

किल्लीवाल्याने ते दोनदा वाचलं. बल्ब हे घरचं काम असावं, एवढं त्याच्या लक्षात आलं. पुढचं काही घरचं वाटेना.

“उघडला का रे?” न्हाणीघरातून आवाज आला.

“उघडला.”

“काही वाचलं नाहीस ना?”

“मला वाचता येत असतं तर तुझी पुस्तकं आवडली असती का?” किल्लीवाला सवयीने बोलून गेला आणि लगेच तोंडावर हात ठेवून उभा राहिला. हाच शेवटचा विनोद असला तर?

त्याची भीती समजायची तर लेखकाची पुस्तकं समजली पाहिजेत. लेखक भयकादंबऱ्या लिहायचा. एकाच मालिकेचे सात भाग झाले होते. त्यांचा नायक उंच, सडपातळ आणि मोजकं बोलणारा होता. तो लेखकाने स्वतःवरून बेतला होता, हे लेखक स्वतः सांगायचा म्हणून लोकांना कळलं. एरवी त्या ठेंगण्या, बडबड्या माणसाकडे पाहून कुणाला शंका आली नसती. नायकाचा एक जिवलग मित्र होता. इमानी, विनोदी, जरा गोल. तो कोणावरून बेतलाय हे मात्र सांगावं लागत नव्हतं. तळघरात आधी तोच उतरायचा. अंधारातून आवाज आला की “मांजर असेल” म्हणायचा, आणि ते कधीही मांजर नसायचं. सातही भागांत तो मरता मरता वाचला होता, आणि गल्लीतली माणसं किल्लीवाल्याला रस्त्यात थांबवून “वाचलास बाबा!” म्हणायची.

यातही घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण पुस्तकात मेलेल्या माणसांचा इतिहास फार वाईट होता. दुसऱ्या भागात कोपऱ्यावरच्या शिंप्यासारखा एक शिंपी मेला, आणि त्याच वर्षी खरा शिंपी गेला. पाचव्यात शाळेतल्या मास्तरांना विहिरीत ढकललं, चार महिन्यांत मास्तर गेले. ते त्र्याण्णव वर्षांचे होते ही गोष्ट वेगळी. सहाव्यात पोस्टमन गेला. खरा पोस्टमन मेला नाही, पण त्याची बदली झाली आणि त्यानंतर त्याचं एक पत्रही आलं नाही. पोस्टमनचं पत्र येऊ नये, याहून मोठा पुरावा किल्लीवाल्याला नको होता.

घरी येऊन त्याने सातही भाग पलंगावर मांडले आणि कधी नव्हे ते अभ्यास केला. मरतं कोण, हे त्याला माहीत होतं. वाचतं कोण? संध्याकाळपर्यंत उत्तर सापडलं. सात भागांत एकही रडका माणूस मेला नव्हता. कुरकुऱ्या वकील, सगळ्यांच्या चुका काढणारी आत्या, कधीच न हसणारा कारकून, सगळे शेवटच्या पानापर्यंत ठणठणीत. मरायचे ते हसवणारे आणि जीव लावणारे. म्हणजे हातात दोन दिवस होते. तेवढ्यात विनोद सोडायचा आणि इमान सोडायचं.

बुधवारी सकाळी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं. एक बाई. “घराची किल्ली हरवली हो.”

एरवी किल्लीवाला म्हणाला असता, “घर सापडतंय ना? मग अर्धं काम झालं.” हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही. ते त्याने गिळलं आणि म्हणाला, “वाईट झालं.”

बाई दचकल्या. “घरी सगळं बरं आहे ना तुमच्या?”

“आहे.”

“मग असं का बोलताय?”

“कसं?”

“माणसासारखं,” बाई म्हणाल्या आणि किल्ली न घेताच घाईघाईने गेल्या.

दुपारी जेवायला बसल्यावर किल्लीवाला गप्प. बायकोने पहिल्यांदा दुर्लक्ष केलं, मग भाजीत मीठ नाही म्हणून स्वतःच सांगितलं. एवढी सोपी संधी त्याने आयुष्यात सोडली नव्हती. “हं,” तो म्हणाला.

बायकोने ताट बाजूला सारलं. “अहो, जीभ दाखवा.”

“कशाला?”

“दाखवा म्हणते ना!”

जीभ ठीक होती. कपाळ थंड होतं. तेवढ्याने तिची काळजी दुप्पट झाली, कारण ताप असता तर निदान काय झालंय ते कळलं असतं. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने वहिनींना सांगितलं, वहिनींच्या पोटात काही राहत नसे. चार वाजेपर्यंत गल्लीभर झालं की किल्लीवाल्याला डॉक्टरांनी थोडेच दिवस दिलेत आणि तो ते कुणाला सांगत नाहीये, बिचारा.

आणि मग माणसं येऊ लागली. चहावाल्याने न मागता चहा आणून ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून गेला. रद्दीवाला उगीचच दहा मिनिटं समोर उभा राहिला, “बरं असतं बरं का वर,” असं काहीतरी पुटपुटला आणि डोळे पुसत गेला. शेवटी न्हावी आला.

“पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या कानाला कात्री लागली होती,” न्हावी म्हणाला. “तेव्हा मी म्हटलं, तूच हललास.”

“हो.”

“तू हलला नव्हतास.” न्हाव्याने मान खाली घातली. “म्हटलं, सांगून टाकावं. नंतर राहून जातं.”

“नंतर म्हणजे कशानंतर?”

न्हाव्याने किल्लीवाल्याचा तोच कान हळूच कुरवाळला आणि गेला.

किल्लीवाल्याने कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. कागद त्याने एकट्याने पाहिला होता. मग या सगळ्यांना गुरुवारचं कसं कळलं? त्याने कानस उचलली आणि एका तयार किल्लीचे दाते पार घासून टाकले.

दुकान बंद करायच्या वेळेला लेखक आला. स्टुलावर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “लोक काहीबाही बोलतायत तुझ्याबद्दल. मी म्हटलं, काही होत नाही त्याला. निदान गुरुवारपर्यंत तर नाहीच.”

“गुरुवारी काय आहे?”

“ते गुरुवारीच कळेल.” लेखकाने डोळा मारला. “चार वाजता ये. एकटाच.” मग त्याची नजर किल्लीवाल्याच्या खांद्यांवरून कमरेपर्यंत सावकाश उतरली. शिंपी कापडाकडे बघतो तशी. “मावशील ना रे तू?”

“कशात?”

“आत. तोंड जरा लहान आहे. खांदे तिरके केले की जाशील.”

“आणि बाहेर?”

“बाहेर यायची घाई कशाला? एकदा आत गेलास की तूच म्हणशील, आता मला इथेच राहू द्या.” लेखक खूश होऊन हसला. “दोरी आणलीय मी. जाड. फक्त हिला काही बोलू नकोस. झालं की मग सांगू सगळ्यांना.”

विनोद सोडून झाला होता; आता दुसरं काम उरलं होतं. किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली.

“एक विचारू? आपण मित्र आहोत, असं तुला वाटतं का?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मला वाटतं, आपण ओळखीचे आहोत. चांगले ओळखीचे आहोत. पण ओळखीचेच. उद्या मला जमणार नाही.”

लेखकाने तोंड उघडलं. एरवी तो एका ‘नाही’मागे वीस मिनिटं बोलला असता. या वेळी आपल्या नायकासारखं, आयुष्यात पहिल्यांदाच, तो मोजकं बोलला. “बरं,” म्हणाला, उठला, आणि रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना न बघता गेला.

जीव वाचला होता. किल्लीवाला मोकळा श्वास घ्यायची वाट बघत बसला. तो काही येईना.

गुरुवारी त्याने दुपारीच दुकान बंद केलं आणि घरी दाराला वरची कडी, खालची कडी आणि मधलं कुलूप लावून पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसला. बायको घाबरून सारखी त्याच्याकडे बघत होती, आणि ती घाबरलीय हे बघून तो आणखी घाबरत होता. साडेतीन झाले. पावणेचार झाले. शेजारच्या घरात कुणीतरी भांडं पाडलं तेव्हा तो पलंगाखाली होता. कसा गेला ते त्यालाही आठवेना. चार वाजले. घड्याळाचा काटा बाराच्या पुढे सरकला. चार वाजून पाच. चार वाजून दहा.

“आहे!” किल्लीवाला पलंगाखालून म्हणाला. “आहे मी!”

आणि फोन वाजला.

“भावोजी,” वहिनी रडत होत्या. “हे वर गेले हो!”

फोन त्याच्या हातातून सुटता सुटता राहिला. “वर म्हणजे?”

“वर म्हणजे वर! माळ्यावर! तुम्ही येत नाही म्हणालात म्हणून स्वतःच गेले, असं आतून ओरडून सांगितलं. आणि झाकण पडलंय. आधी हाका मारत होते, आता हाकाही येत नाहीत.”

किल्लीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात सगळा हिशेब एका क्षणात जुळला. गुरुवार, चार वाजता, कुणीतरी वर जायचं होतं. तो बाजूला झाला, तर ज्याने नेमणूक केली होती तोच गेला. त्याने मधलं कुलूप उघडलं, वरची कडी काढली, खालची कडी काढायची राहिली आणि दारावर आपटला. मग तीही काढली.

“अहो, चपला!” बायको ओरडली. तोवर हत्यारांची पिशवी घेऊन तो जिन्यावरून गेलासुद्धा.

लेखकाच्या घरी मधल्या खोलीत लोखंडी शिडी उभी होती. वर छताला चौकोनी झाकण. तिसऱ्या भागातला खुनी माळ्यावरून खाली उतरतो, हे वाचल्यापासून वहिनींना झोप येईना, म्हणून किल्लीवाल्यानेच त्या झाकणाला आपोआप लागणारं लॅच बसवून दिलं होतं. उत्तम बसवलं होतं. लेखकाने गेल्याच महिन्यात त्याची किल्ली हरवली होती.

“जपून हं, भावोजी,” शिडी धरून वहिनी म्हणाल्या.

हे त्या म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं. पुस्तकात हे नेहमी कुणीतरी म्हणतंच. किल्लीवाल्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी थरथरली, की तो थरथरला, सांगणं अवघड होतं. माळ्यावर आधी कोण चढतं? इमानी मित्र. बरोबर. अंधारात डोकं कोण घालतं? बरोबर. चौथ्या पायरीवर त्याने परत फिरायचं ठरवलं. पाचवीवरही ठरवलं. पाय मात्र वरच जात राहिले. त्यांनी कुठल्याही भागाचा अभ्यास केला नव्हता.

त्याने झाकणावर टकटक केलं. आत काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. मग बारीक, चिरका, ओळखू न येणारा आवाज आला, “कोण... कोण आहे?”

किल्लीवाल्याचं काळीज तोंडात आलं, आणि तोंडातून त्याऐवजी भलतंच बाहेर पडलं. “मांजर असेल.”

झालं. बोलून गेला. त्याने डोळे मिटले आणि वाट पाहिली.

आतून हुंदका आला. की हसू? “तू आलास?” लेखक म्हणाला. “मला वाटलं, आपण ओळखीचे आहोत.”

“ते नंतर. आत कसा गेलास?”

“उलथन्याने झाकण उचकटलं. आत आलो आणि ते पडलं. इथे काही दिसत नाही रे.”

“बल्ब लाव ना.”

“बल्ब यादीतच राहिला.”

किल्लीवाल्याने मान मागे टाकून, डोक्यावर हात उंचावून, लॅचमध्ये तार घातली. उलथन्याने त्याची पार वाट लावली होती. तार घसरली. परत घातली. परत घसरली.

“ऐक,” आतून लेखक अगदी हळू म्हणाला. “माझ्या पायाशी काहीतरी आहे.”

“काय आहे?”

“मऊ आहे.”

“उंदीर असेल.”

“उंदीर असता तर पळाला असता. हे वाट बघतंय.”

“अरे, तूच लिहितोस ना हे सगळं?”

“लिहिताना दिवा चालू असतो!” लेखक रडवेला झाला. “लवकर कर. ते मघापेक्षा जवळ आलंय.”

किल्लीवाल्याच्या हातांना घाम सुटला. पळ, असं त्याला अंगातला प्रत्येक अवयव सांगत होता. त्याने तार दातांत धरली, हात सदऱ्याला पुसले, आणि तिसऱ्यांदा घातली. खट्. झाकण उचललं, खांदे तिरके केले, श्वास रोखला आणि त्या काळ्या चौकोनात तो कमरेपर्यंत शिरला. लगेच काहीतरी येऊन त्याच्या गळ्यात पडलं. तो किंचाळला. खाली वहिनी किंचाळल्या. गळ्यात पडलेला लेखकही किंचाळला.

पिशवीतली विजेरी लावल्यावर कळलं की पायाशी वाट बघत होती ती जुनी उशी. तिच्या पलीकडे एक मोठं खोकं होतं, त्याला जाड दोरी अर्धवट बांधलेली. लेखकाच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे किल्लीवाल्याला पूर्ण आत यावं लागलं.

“हे खाली सोडायला दोरी,” लेखक नाक पुसत म्हणाला. “आणि तुला वर पाठवणार होतो ते हे बघायला. लॅच तुझ्याशिवाय कोण उघडणार? हिला सांगितलं असतं, तर तुला आधीच कळलं असतं.”

खोक्यात पत्रं होती. शेकड्यांनी. किल्लीवाल्याने एक उघडलं. दुसरं उघडलं. ‘तुमच्या कादंबरीतल्या मित्राला काही होऊ देऊ नका.’ ‘मित्र बरा आहे ना?’ ‘नायकाचं काहीही करा, मित्राला सांभाळा.’

“सात वर्षांची आहेत,” लेखक म्हणाला. “तुला सांगत होतो ना, लोक माझ्या वर्णनांचं कौतुक करतात म्हणून? वर्णनांचं एक आहे. तेही विजेच्या खात्यातल्या माणसाचं, अंधाराच्या वर्णनाबद्दल. लाज वाटायची, म्हणून इथे लपवली. शेवटी म्हटलं, आठव्या भागाआधी तुला दाखवावीत. आठव्यात मी नायकाला मारतोय. तू त्याच्या उशाशी बसून शेवटचा विनोद करतोस आणि लोक रडतात.”

किल्लीवाल्याच्या हातातलं पत्र गळून पडलं. “तुला मारतोयस?”

“नायकाला.”

“तेच ते! अरे, शिंपी गेला. मास्तर गेले.”

“मास्तर त्र्याण्णव वर्षांचे होते.”

“आणि पोस्टमन? त्याचं एक तरी पत्र आलं?” किल्लीवाल्याने त्याचे दोन्ही खांदे धरले. आता त्याला खरी भीती वाटत होती. तीन दिवस वाटली ती नुसती तालीम होती. “तू मरायचं नाहीस. पाहिजे तर मला मार. नाहीतर त्या आत्याला मार, सात भाग झाले, नुसती चुका काढतेय.”

“आत्या मेली तर कुणी रडणार नाही.”

“न रडू दे! आपण दोघं जगू.”

“कुणी मरत नाही अशी भयकादंबरी कोण वाचेल?”

किल्लीवाल्याने विजेरीच्या उजेडात आपले हात पुढे केले. ते अजून लटलट कापत होते. शेजारी लेखकाचे हात तसेच कापत होते. “हे बघ. कुणी मेलंय इथे?”

लेखकाने त्या चार हातांकडे पाहिलं. मग त्याने खिशातून खणातला तो कागद काढला आणि फाडला. “आज मरण समोर दिसत असताना तू अंधारात शिरलास,” तो म्हणाला. “नायक याला म्हणतात. आठव्या भागाचा नायक तूच. उंच, सडपातळ, निधड्या छातीचा...”

किल्लीवाल्याने उघड्या झाकणातून खाली पाहिलं. शिडी एवढीशी दिसत होती आणि तिच्या टोकाला वहिनींचा चेहरा आणखीच एवढासा.

“ते नायकाचं आपण सावकाश बघू,” तो म्हणाला. “तू आधी खाली हो, आणि माझा हात धर. मला शिडी चढता येते. उतरायची भीती वाटते.”